नुसती टाळी वाजव

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला गावातलं सगळं कळतं. माप द्यायला हात जरा वर करून उभी राहिली, की बाई बोलायला लागते — सासूचं, नणंदेचं, नवऱ्याच्या बाटलीचं. का बोलते कोण जाणे. पाठीमागून टेप लावणाऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल. शिरूरच्या माझ्या दुकानात मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलेय आणि एकीचं दुसरीला कधी सांगितलेलं नाही. तेवढी एक अब्रू कमावलीय म्हणा. माझं स्वतःचं मात्र कुणाकडे गेलेलं नाही. आईकडे नाही, भावाकडे नाही, पोटच्या पोरीकडेही नाही. आज टेप तुमच्या हातात देते आणि मी पाठ करून उभी राहते. मध्येच काही विचारू नका — विचारलंत तर मी गप्प बसेन, आणि गप्प बसण्यात मी किती पटाईत आहे तेच तर सांगायचंय.

आधी नवऱ्याबद्दल. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. घेतच नाही, तर लिहू कसं? लग्नात घेतलं, बारशात घेतलं, हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवलं तेव्हा घेतलं — यमक जुळवून, घाईघाईत, तोंडातल्या तोंडात. सरळ हाक म्हणून कधीच नाही. तुम्ही हसाल. मोबाइलवर नव्या गळ्याचं कटिंग बघते आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते. पण जीभच वळत नाही, त्याला काय करू? आणि त्यांचंही तेच. ‘अगं’, ‘ऐकलं का’, आणि पोरगी झाल्यावर ‘स्नेहलची आई’. माझं नाव शालन आहे. लग्नात घास भरवताना त्यांनी ते घेतलं होतं म्हणतात, पण बँडच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पुढे कधी ऐकायची वेळच आली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांच्या बसमधली पोरं-पोरी त्यांना आप्पा म्हणतात. मीही इथे आप्पाच म्हणते.

आप्पा कंपनीची बस चालवायचे. शिरूरपासून शिक्रापूरपर्यंत रस्त्याला लागून ज्या कंपन्या आहेत, त्यातल्या एकीची. दुसरी पाळी सुटली की पोरांना घरोघर सोडायचं. दिवसभर मशीनवर उभी राहिलेली ती पोरं, त्यातल्या कितीतरी पोरी, बसमध्ये बसल्या की माना टाकायच्या. ‘आप्पांच्या गाडीत झोप लागती’ असं एक पोरगी माझ्या दुकानात सांगून गेली होती. मी ते आप्पांना सांगितलं, तर ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, “झोपलेलं माणूस म्हंजी ठेव असती. जशी दिली तशी परत करायची.” मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. नंतर नंतर तेच वाक्य मला नकोसं झालं.

कारण मला दिसायला लागलं होतं. माझा धंदाच बारीक बघण्याचा. शिवण पाव बोट सरकली तरी मला कळतं, मग घरातलं माणूस सरकलेलं कळणार नाही? संध्याकाळी ते उंबऱ्याला आधी पाय लावून बघायचे आणि मग ओलांडायचे. तांब्यातलं पाणी पेल्याच्या कडेवर पडायचं. दिव्याच्या उजेडात समोरचं बरोबर दिसायचं, त्यावरच गाडी चालत असावी, पण बाजूने कुणी आलं की दचकायचे. एकदा बसचा आरसा गेला, डाव्या अंगाला लांब ओरखडा आला. म्हणाले, मोटारसायकलवाला आडवा घुसला. असेलही. लग्नाकार्यात दिवस मावळला, की माझं कोपर धरून चालायला लागले. आणि मी काय केलं सांगू? मी खूश झाले. या वयात नवरा चारचौघांत हात धरतोय, म्हणून मैत्रिणींकडे तोरा मिरवला. हात कशासाठी धरलाय हे कळायला मला एक अख्खी लग्नसराई लागली.

त्यांच्या वडिलांना रातांधळेपणा होता. वडगाव रासाईला, भीमेच्या काठी, त्यांचं घर. ते मी बघितले नाहीत, माझ्या लग्नाआधीच गेले. पण लग्नानंतर पहिल्या वर्षी आप्पांनी एकदा मला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. दिवस मावळल्यावर आबा नदीकडच्या मळ्यातून परत यायचे, सवयीने, पायांच्या ओळखीने. गावातल्या पोरांनी एक दिवस वाटेत दोन बाभळींना सुतळी बांधली आणि बाजूला बसून राहिली. मजा बघायला. आबा पडले. पोरं आवाज न करता बसून होती, आबा मातीत हात फिरवून पागोटं शोधत होते, आणि पोरं बघत होती. आप्पांनी मागून येऊन वडिलांना उचललं. हे सांगताना एवढा दांडगा माणूस रडला होता. म्हणाले, “पाडलं त्याचं न्हाई काई. पण बघत बसली गं. ती पोरं मला आजपण नावानिशी आठवत्यात.”

हे मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं. ते ऐकून मीही त्यांच्याबरोबर रडले होते.

मग सरळ विचारलं का नाही? ‘अहो, तुम्हाला रात्री दिसत नाही का?’ एवढंच तर होतं. किती वेळा ओठावर आणलं. ते ताटावर बसले की वाटायचं आता, आणि मग वाटायचं पोटभर जेवू तरी देत. ते कामावर निघाले की वाटायचं आता, आणि मग वाटायचं निघताना कशाला टोकायचं. विचारलं असतं तर ते ‘न्हाई’ म्हणाले असते, हे मला दिसत होतं. ‘न्हाई’ म्हणताना त्यांचा चेहरा कसा होईल, तेही दिसत होतं. तो चेहरा मला बघायचा नव्हता. आणि तिकडे रोज रात्री ती पोरं त्यांच्या मागे माना टाकून झोपत होती. बस वळणावरून घराकडे आल्याचा आवाज येईपर्यंत मी जागी असायची, आणि आवाज आला की झोपेचं सोंग घ्यायची. असे किती महिने गेले ते मी सांगत नाही. सांगायची लाज वाटते.

माझं माहेर दौंडला. धाकटा भाऊ अनिल तिथे शाळेत खेळ शिकवतो. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, त्याने एक नवीनच काढलं. अंधार पडल्यावर नकाशा घेऊन गावातून फिरायचं आणि खुणा शोधायच्या. त्याला इंग्रजीत ओरिएंटिअरिंग म्हणतात. दौंडात ते कुणाला म्हणता आलं नाही. ‘नकाशाची शर्यत’ हेच नाव पडलं. अनिलने हाताने गावाचा नकाशा काढून झेरॉक्स मारल्या होत्या. नकाशावर गोळे. जिथे गोळा, तिथे विजेच्या खांबावर नाहीतर भिंतीवर एक अक्षर चिकटवलेलं. ते शोधायचं आणि नकाशावर उतरवायचं. वाट तुमची तुम्ही ठरवायची. वेळेत परत यायचं. जोडीनेच जायचं, जोडी सोडायची नाही. मोबाइल सगळ्यांचे एका पिशवीत जमा, आणि जोडीला एकच बॅटरी.

फोनवर तो हे सगळं सांगत होता आणि मी मशीनवर बसून ऐकत होते. आणि माझ्या डोक्यात ते आलं. मी म्हटलं, “अन्या, आमच्या दोघांची नावं घे.” तो हसला. म्हणाला, “ताई, दाजी येतील व्हय?”

आप्पा आधी नाहीच म्हणाले. “मी गाडीवरचा मानूस. पायी काय शोधनार?” मी म्हटलं, चला ना, एकदाच. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “तू कवा काय मागत न्हाईस. चल.” त्यांनी सुट्टी टाकली. मी त्यांच्यासाठी बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले, स्वतःला पण आणले. रबरी तळ. वाजत नाहीत. बघा म्हणजे, किती आधीपासून माझं चाललं होतं.

शाळेच्या मैदानावर बरीच माणसं जमली होती. रेल्वेत नोकरीला असलेली, कॉलेजची पोरं, चारदोन नवरा-बायको. अनिलने शिट्टी फुंकून नियम सांगितले. शेवटचा नियम असा होता — जोडीदार अंधारात चुकलाच, तर त्याला नावाने मोठ्यांदा हाक मारायची. ज्याला हाक मारली त्याने ‘हाय’, म्हणजे इथे आहे, म्हणून ओ द्यायची आणि जागचं हलायचं नाही. नावाने, हे ऐकल्यावर बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, “अरं सर, नाव घ्यायचं म्हंजी उखाणा आला की. तवर मानूस पार पाटसला जाईल.” सगळे हसले. आप्पाही हसले. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते माझ्याकडे बघत होते. माझे कान गरम झाले.

आणि खरं सांगू? सुरुवातीचा वेळ फार सुखाचा गेला. माझ्या डाव्या हातात नकाशा, उजव्या हातात बॅटरी, आणि कोपराला आप्पा. लहानपणी ज्या गल्ल्यांतून मी दळण घेऊन फिरले, त्यातूनच चालले होते, आणि प्रत्येक वळणाला त्यांना काहीतरी सांगत होते. विहाराच्या समोरच्या खांबावर ‘म’ सापडलं. तिथे पोरी वंदनेहून निघत होत्या, त्यांनी ‘काकू, काय शोधताय’ म्हणून आमच्याबरोबर शोधायला मदत केली. चर्चच्या भिंतीवर ‘क’. एसटी स्टँडमागे ‘र’ शोधताना एक कॉलेजची जोडी आमच्याशी शर्यत लावायला लागली, तर आप्पा चक्क पळाले. जिथे दिव्यांचा उजेड होता तिथे त्यांना सगळं दिसत होतं. गाडी चालवणाऱ्या माणसाला दिशेचं भान असतं. कुठून आलो, कुठे वळलो, ते न बघता सांगत होते. “बायकूच्या गावात बायकूला वाट दावतोय बघ,” म्हणाले. किती वर्षांनी ते असे बोलत होते. मी मनात म्हटलं, जाऊ दे. नको करूया. हे असंच घेऊन घरी जाऊ.

आणि तरी मी मालधक्क्याकडे वळले.

रेल्वेचा माल उतरतो तो धक्का, आणि त्याच्या मागे जुन्या गोदामाच्या भिंतीलगत एक बोळ आहे. तिथला दिवा मी लहान असल्यापासून बंदच. पलीकडच्या तोंडाला अनिलचा एक गोळा होता, पण तिकडे मोठ्या रस्त्यानेही जाता आलं असतं. मी बोळातून नेलं. मध्यावर आल्यावर मी कोपर सोडवून घेतलं, बुटाची नाडी सुटली म्हणाले. मग बॅटरी विझवली. म्हटलं, “सेल गेला वाटतं. थांबा हं.” बॅटरी स्वेटरच्या खिशात टाकली, नकाशा दुसऱ्या खिशात. आणि आवाज न करता दहाबारा पावलं पुढे जाऊन गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

मला दिसत होतं, हे सांगायला हवं. यार्डातल्या उंच दिव्यांचा उजेड आभाळात पसरलेला असतो, त्यातला थोडा त्या बोळातही उतरतो. डोळे सरावले की चांगलं दिसतं. कुणालाही दिसेल. मला आप्पांच्या सदऱ्याची बटणं दिसत होती. त्यांचा चेहरा दिसत होता. ते सरळ माझ्याकडे बघत होते. आणि त्या बघण्यात मी नव्हते.

“अगं?” ते म्हणाले. मी बोलले नाही. “ऐकलं का?” मी बोलले नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि हवेत फिरवले, हळूहळू. त्यांच्या वडिलांनी मातीत फिरवले असतील तसे. झालं. मला जे बघायचं होतं ते बघून झालं. विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. तिथेच मी ‘इथं आहे हो’ म्हणाले असते, तर आज तुम्हाला सांगण्यासारखं फार काही उरलं नसतं. भित्री बायको, तिला तोंडाने विचारता आलं नाही, म्हणून तिने अंधारात नवऱ्याची परीक्षा घेतली. वाईटच, पण समजून घेण्यासारखं. इतकी वर्षं मी स्वतःला हे इथपर्यंतच सांगत आले आणि इथेच थांबवत आले.

पण ते तेवढ्यावर थांबलं नव्हतं. त्यांनी हात खाली घेतले. घसा साफ केला. आणि हाक मारली — “शालन.”

कसं सांगू? माझं नाव. त्यांच्या आवाजात. आधी जरा अडखळत, परक्या दारावर थाप मारावी तसं, आणि मग मोकळ्याने — “शालन! ए शालन!” अनिलचा नियमच होता तो, त्यांनी फक्त नियम पाळला. मला ओ द्यायची होती. नुसतं ‘हाय’ म्हणायचं होतं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही असं म्हणेन तर ते खोटं होईल. शब्द जिभेवर होता. मी तो दाबून धरला. मला वाटलं, अजून एकदा म्हणू देत. अजून एकदाच. मग बोलते.

हेच ते. हेच मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी त्या पोरांच्या जिवासाठी गप्प उभी नव्हते. मला माझं नाव ऐकायचं होतं.

“शालन, भ्याली का? भिऊ नगंस. हाय तितंच उभी ऱ्हा, मी येतोय.” बोळात हरवलेले ते होते, आणि धीर मला देत होते. मग थांबले, विचार केला, आणि त्यांना वाटलं त्यांना कळलं मी का बोलत नाही ते. आवाज एकदम खाली आला. हसल्यासारखा झाला. म्हणाले, “लाजतीस व्हय नाव घ्यायला? हितं कुनी न्हाई गं. बरं, नको घेऊ. नुसती टाळी वाजव. टाळीवर येतो मी.”

माझे दोन्ही हात मोकळे होते. बॅटरी खिशात, नकाशा खिशात. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि टाळी मी वाजवली नाही. ते पुन्हा म्हणाले, “वाजव की, शालन.” आणि चालायला लागले. माझ्याकडे नाही, जरा डावीकडे. तिथे रेल्वेच्या रुळांखाली घालतात ते सिमेंटचे जुने स्लीपर टाकलेले होते. मला ते दिसत होते. ते तिकडे चाललेत हे मला दिसत होतं. तेवढ्यात एकदा बोलता आलं असतं का? आलं असतं. दोनदा आलं असतं.

ते पडले. हातावर पडले. ओरडले नाहीत. बसल्या बसल्या पहिला शब्द निघाला तो असा — “काई न्हाई झालं, शालन. मी येतोय.”

तेव्हा कुठे मी हलले. पण कशी हलले? मी आधी चार पावलं मागे गेले. मग धावत आल्यासारखी आले. दम लागल्यासारखं केलं, बॅटरी थापटून पेटल्यासारखी केली. म्हटलं, अहो, मी पुढे निघून गेले होते, वाटच सापडेना. त्यांनी डाव्या हाताने माझा चेहरा चाचपला. तो ओला लागला. “रडतीस कशाला,” म्हणाले, “सापडलो की.” त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबत होता.

प्लास्टर झालं. गाडी बंद झाली. दौंडात आणि शिरूरला सगळीकडे झालं, की अनिल सरांच्या नकाशाने दाजींचा हात मोडला. अनिल कितीतरी दिवस माझ्यासमोर मान वर करून बोलत नव्हता. मी त्याला ‘तुझी काही चूक नाही रे’ म्हणायची. आणि कुणाची आहे ते सांगायची नाही.

प्लास्टर निघायच्या आधी एका संध्याकाळी आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी आत भाकऱ्या थापत होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं. मी परातीतले हात तसेच घेऊन गेले. म्हणाले, “तुला एक सांगायचंय. रागावू नगंस. मला दिस मावळला का दिसत न्हाई. आबावानी. लई दिस झालं, लपवून ठिवलं.” मी उभी होते. ते समोर रस्त्याकडे बघत होते. “गाडीत पोरं झोपत्यात, मी तुला सांगत न्हाई, कंपनीला सांगत न्हाई. पाप केलं. पर त्या रात्री तू अंधारात एकली उभी, भ्यालेली, आन् मला सापडली न्हाईस. तवा मनात आलं, बायकू सापडत न्हाई त्यानं दुसऱ्याची लेकरं घिऊन फिरू नये.” मग त्यांनी प्लास्टर नसलेला हात पुढे केला. माझ्या पीठ लागलेल्या हाताला धरलं. म्हणाले, “माफ कर मला.”

माझ्याकडे. माफी. मागितली.

त्या वेळी सांगायला हवं होतं. बोळात सांगितलं नाही ते निदान तेव्हा. त्यांनी स्वतःचं सगळं काढून माझ्या हातात दिलं होतं, आणि माझंही जिभेवर होतंच. पण मला ती बाभळीखालची पोरं आठवली. नावानिशी आठवतात म्हणाले होते. त्यात माझं नाव जाऊन बसेल, याची भीती वाटली. आत्ता कुठे ते नाव त्यांच्या तोंडी आलं होतं. मी म्हटलं, “असू द्या.” आत गेले. तव्यावरची भाकरी करपली होती, ती मी खाल्ली.

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. पडद्याचा आजार आहे, वडिलांकडून आलाय, हळूहळू वाढणार, असं सांगितलं. आप्पांनी बस सोडली. कंपनीत जाऊन डोळ्यांचं सांगितलं, तिथल्या साहेबांनी त्यांना दिवसपाळीला आवारातच गाड्यांची देखभाल दिली. गल्लीत मात्र ते अजून एवढंच सांगतात, “घरची अंधारात भिती, म्हनून रात्रपाळी सोडली.” दुकानात बायका मला चिडवतात. शालनताई, नवरा असावा तर असा. मी तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे बोलावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, शेवटी चांगलंच झालं की. पोरं वाचली, माणूस वाचला. हो. मीही हे स्वतःला बरेचदा सांगून पाहिलंय. पण पोरांपुरतं उत्तर मला पहिल्या ‘अगं’लाच मिळालं होतं. पुढचं सगळं माझ्यापुरतं होतं.

आता शेवटचं सांगते. आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते. गेली, की आप्पा जिथे असतील तिथून लगेच हाक मारतात. मी भिते ना, म्हणून. ‘अगं’ नाही, ‘स्नेहलची आई’ नाही. “शालन, मी हितं हाय,” म्हणतात. त्यांना स्वतःला तेव्हा काहीच दिसत नसतं. आणि पुढे म्हणतात, “वाजव.”

काल पण गेली होती. मी मशीनवर होते, गुडघ्यावर कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाउज. त्यांनी हाक मारली. ब्लाउज खाली पडला तरी चालेल, मी एक श्वाससुद्धा मध्ये जाऊ देत नाही. लगेच टाळी वाजवते. ते येईपर्यंत वाजवत राहते.